चौथ्या गाण्यातली बाई

तीस वर्षांपूर्वी रसेलच्या घरी, पोटमाळ्यावर रेकॉर्ड केलेल्या त्याच्या नि डंकनच्या बँडच्या पहिल्या अल्बमची समीक्षकांनी पार सालटी काढली होती. "चौथ्या गाण्याच्या शेवटी कुणी बाई ओरडते, ती तर असह्य," असं एकाने लिहिलं होतं. आता कंपनीने तोच अल्बम साफसूफ करून पुन्हा काढला होता, आणि ड्रमर डंकन रॉचडेल गावातल्या त्याच घरात बसून पेपर मोठ्याने वाचत होता. रसेल आता तिथे एकटाच राहायचा.

"पाचपैकी पाच तारे! ऐक लेका, 'काळाच्या पुढचं काम.' इतकी वर्षं कुठे झोपले होते रे हे? 'आणि चौथ्या गाण्यातली ती ओरडणारी बाई...'"

डंकन थांबला.

"वाच की," रसेल म्हणाला.

"'...अखेर गेली.'"

रसेलने कपाटातून जुनी, चरे पडलेली तबकडी काढली आणि चौथ्या गाण्यावर सुई टेकवली. दोघं गाणं संपायची वाट बघत बसले. गिटार विरली, आणि जिन्याच्या पायथ्यावरून रसेलची आई ओरडली, "मासे नि चिप्स गार होतायत रे! येताय, की घालू कुत्र्याला?"

"आलो, आलो!" रसेलच्या तोंडून निघून गेलं.

डंकन तर खुर्चीतून उठलासुद्धा होता.