मोठा पट्टा

"माझं चुकलं, मावशी," संशोधक मुलगी म्हणाली. इस्त्रीच्या यंत्राच्या धडधडाटात कोणालाच ऐकू गेलं नाही, म्हणून तिला आपली चूक पुन्हा एकदा, ओरडून कबूल करावी लागली.

इस्पितळाच्या तळघरातल्या या धुलाईघरात तिने मागच्या महिन्यात सगळ्या बायकांचं ब्लडप्रेशर मोजलं होतं. वर ऑफिसात बसणाऱ्यांपेक्षा ते कितीतरी जास्त निघालं. एकाच इमारतीत एवढा फरक! तिचा पहिलावहिला शोधनिबंध त्यावरच उभा होता. आणि आता कळलं होतं, की ओल्या चादरी उचलून उचलून कमावलेल्या या दंडांना ब्लडप्रेशरच्या यंत्राचा नेहमीचा पट्टा तोकडा पडतो, आणि तोकडा पट्टा आकडा फुगवून दाखवतो. "एक तळटीप टाक आणि पुढे चल," प्राध्यापक मॅडम सकाळीच म्हणाल्या होत्या. "कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस?"

तरी ती मोठा पट्टा घेऊन आली होती.

"म्हणजे आम्ही आजारी नाही, नुसत्या जाड्या आहोत?" सगळ्यांत थोराड मावशीने विचारलं. तिला सगळ्या पैलवान म्हणत.

"जाड्या नाही हो. दणकट."

"आणि मी महिनाभर अळणी गिळतेय, ते? नवऱ्यालाही गिळायला लावलं!"

संशोधक मान खाली घालून बोलणी खायला उभी राहिली. पण हशाच पिकला. पैलवानने बाही वर सारली आणि स्टुलावर बसकण मारली.

"आधी पाच मिनिटं गप्प बसायचं हं, मावशी."

"ही? गप्प?" मागून कोणीतरी म्हणालं. "मग झालं आज मोजून!"

आकडा चांगला खाली आला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरीचाही उतरला, तिसरीचाही. दर टाळीला निबंधाचा एकेक खांब कोसळत होता. आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आपणही आहोत, हे तिच्या जरा उशिरानेच लक्षात आलं. चूक तिची, आणि या बायका हातातलं काम टाकून पुन्हा हात पुढे करत होत्या. तिला अगदी भरून आलं.

शेवटी अभ्र्यांच्या घड्या घालणारी अबोल बाई बसली. आकडा उतरला नाही. पुन्हा मोजला, तरी तेच. टाळ्या थांबल्या.

"डोकं दुखतं का हो?"

"दुखतं ना. पण सगळ्यांचंच वाढलंय म्हटल्यावर मी एकटीने काय कुरकुरायचं?"

पैलवानने तिच्या मांडीवरचे अभ्रे काढून घेतले. "ऊठ. जा हिच्याबरोबर वर, डॉक्टरकडे. घड्या मी घालते."

लिफ्टमध्ये त्या बाईने संशोधकाचं मनगट घट्ट धरलं. "बरं झालं पोरी, परत आलीस."

डॉक्टरांच्या खोलीबाहेर दोघी बाकावर टेकतात न टेकतात, तोच फोन वाजला.

"काय गं," मॅडमनी विचारलं, "फरक उरला का काही?"

संशोधकाने शेजारी पाहिलं. मनगट अजून सुटलं नव्हतं.

"एक बाई उरली, मॅडम. तिचा नंबर आलाय. मी नंतर बोलते."