टेबलाखालचा गोळा

गोळ्याने पुन्हा टेबलाखाली घाण केली होती आणि वर तो त्यातच बसून होता. ती श्वास रोखून फडकं घेऊन खाली वाकली, तसा तो भिंतीत शिरायला बघू लागला.

तिला सहसा कशाची किळस येत नसे. कवळ्या बनवणं हा तिचा धंदा. दुरुस्तीला आलेल्या पिवळ्या कवळ्या, म्हाताऱ्या हिरड्यांचे साचे दिवसभर तिच्या हाताखालून जायचे आणि मधेच ती खुशाल जेवायचीही. पण या कुत्र्याने तिला टेकीला आणलं होतं. कपाट उघडलं की मुतायचा. चमचा पडला की ओकायचा, आणि ती फडकं आणेपर्यंत ओकलेलं चाटूनपुसून गिळायचा. हात पुढे केला की अंगाचं मुटकुळं. त्यावरून तिने त्याला गोळा म्हणायला सुरुवात केली. आधीच्या नावाने हाक मारली की तो ताटलीतलं टाकून पळायचा.

कुत्रा तिच्या थोरल्या बहिणीचा. ताईने नवरा सोडला, दुसऱ्या गावी नोकरी धरली आणि जाताना त्याला खोक्यात घालून हिच्याकडे आणून ठेवलं.

“तिथे जागा मिळालीय, पण कुत्रं चालत नाही. आणि त्या माणसापाशी मी त्याला ठेवणार नाही.”

“का गं? काय केलं भाऊजींनी?”

“जाऊ दे. तुला नाही कळायचं,” म्हणत ताईने डोळ्यांना रुमाल लावला. ती जाईपर्यंत खोक्यातून हूं की चूं आलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्याला तपासायला बराच वेळ घेतला. केस बाजूला सारून त्या कातडी बघत राहिल्या.

“तुम्ही नाही ना मारत याला?”

“मी कशाला मारू?”

“कोणीतरी मारलंय. रोजच्या रोज. आणि रागाच्या भरात नाही. केसांखाली वळ दिसणार नाहीत अशी जागा बघून.” त्यांनी हात धुतले. “याच्या डोळ्यांत बघू नका. हात वरून नेऊ नका, खालून न्या. तो येईपर्यंत तुम्ही जाऊ नका. बाकी औषध नाही.”

घरी येताना भाऊजींचे ते गोरे, मऊ हात तिच्या डोळ्यांपुढे येत होते. त्याच हातांनी ते तिला चहा आणून द्यायचे, कप विसळून ठेवायचे, खुर्चीच्या काठावर बसून ‘अजून काही हवं का’ विचारायचे. ताईकडे बघितल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचे नाहीत. काय सोंग होतं, तिला वाटलं. त्यांच्या हातचं आपण खाल्लं, या विचाराने तिने दोनदा चूळ भरली.

त्या दिवसापासून ती टेबलाजवळ जमिनीवर बसून जेवू लागली. गोळ्याकडे पाठ करायची आणि घास मागे सरकवून ठेवायची. आधी घास तसेच सुकून जायचे. मग ती उठल्यावर नाहीसे व्हायला लागले, मग ती बसलेली असतानाच. एकदा काम करताना पावलाला काहीतरी ओलं, गार लागलं. ती हलली नाही. हातातला साचा तसाच धरून बसली आणि गोळा तिचा अंगठा हुंगत राहिला. पुढे तो खिडकीपाशी उन्हात पाय ताणून पडायला लागला. आता कपाट उघडलं तरी नुसता कान हलवायचा.

अशात एका दुपारी भाऊजी दारात उभे राहिले. मरणाचा उकाडा, तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली.

“त्याला बघायचं होतं जरा.”

“कशाला? काही करायचं राहून गेलंय का?”

त्यांनी मान खाली घातली. मागच्या खोलीतून गोळ्याने असा काही गळा काढला की तिच्या अंगावर काटा आला. तो दारावर नखं मारत होता.

“ऐकलंत? नुसत्या तुमच्या आवाजाने असं होतं त्याला.”

“झोपतो का नीट?”

“निघा तुम्ही.”

दार लोटायला तिने हात उचलला, तसे भाऊजी दोन्ही हात डोक्यावर घेऊन मागे सरले. इतका भेकड माणूस मुक्या जनावरावर मर्दुमकी दाखवतो. तिला शिसारी आली. ते गेल्यावर कडी फडक्याने पुसूनच तिने आतलं दार उघडलं. गोळा उंबऱ्यापाशी जाऊन पडला आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठला नाही. किती धसका घेतलाय बिचाऱ्याने, तिला वाटलं.

तिने ताईला फोन करून सगळं सांगितलं.

“बरं केलंस हाकललंस,” ताई म्हणाली. “सुट्टी मिळाली की येतेच मी.”

ताई आली ती रविवारी सकाळी. गोळा उन्हात पोट वर करून झोपला होता. आता तो कसा हातातून खातो, हे ताईला कधी दाखवते असं तिला झालं होतं.

“अगं, किती सुधारलाय बघ,” ती दार उघडत म्हणाली.

“हो का? बघू तरी,” ताई हसत आत आली आणि वाकून चप्पल काढायला लागली.

गोळा उठला. तो पळाला नाही, टेबलाखाली गेला नाही, आवाजही केला नाही. सावकाश चालत समोरच्या भिंतीशी गेला, भिंतीकडेच तोंड केलं, पाय फाकले आणि मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या पायांखाली फरशी ओली होत गेली.

“विसरला नाहीये,” ताई चप्पल हातात घेत कौतुकाने म्हणाली. “तुझे भाऊजीसुद्धा अगदी असेच उभे राहायचे.”