निळा स्वेटर

तो जुना निळा स्वेटर ती जिवापाड जपायची. गार पाण्यात हलक्या हाताने धुवायची, न पिळता सावलीत पसरायची आणि सुकेपर्यंत नवऱ्याच्या खोलीत पाऊलही टाकायची नाही.

आज मात्र कोपरापासून अख्खी बाहीच हातात आली. रफूवाल्याने मान हलवली. "बाई, लोकर पार विरलीय. टाकाच धरत नाही."

ती रडकुंडीला आली. लेक म्हणाली, "हुबेहूब तसाच आणलाय, आई. घाल बघू."

नवा स्वेटर घालून, देवाचा धावा करत तिने खोलीचं दार लोटलं. नवरा पलंगावरून अदबीने उठला.



"या, बसा ना. आमची ही येईलच एवढ्यात."