मेलवरचा खुलासा

“हृषीकेश भिया, एक मेल लिहून दे ना यार. अर्जंट आहे.”

यशवर्धन टेबलाशी येऊन उभा राहिला आणि हृषीकेशनं हातातलं काम थांबवलं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं देऊन त्याचं डोकं आधीच आंबलं होतं. पण हा मेल कशाबद्दल असणार, हे त्याला न सांगताच कळलं.

यशवर्धन कंपनीच्या इंदूरच्या ऑफिसात डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम, सांभाळायचा. माणूस अस्सल इंदुरी. बोलायला लागला की अडून बसलेल्या ट्रकवाल्यालाही चहा पाजून कामाला लावील, पण इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या म्हटलं की त्याला घाम फुटायचा. नाशिकहून आलेल्या हृषीकेशनं त्याचे मेल लिहायचे आणि त्यानं हृषीकेशला सकाळी पोहे खिलवायचे, असा दोघांचा बिनबोभाट सौदा होता.

याच हृषीकेशनं गेल्या आठवड्यात पुण्याच्या हेड ऑफिसला मेल केला होता. माल वेळेवर निघत नाही, यशवर्धन दुपारीच गायब होतो आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या मला खाव्या लागतात. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण समोरासमोर पोहे खाताना हे त्याच्या तोंडून बाहेर पडलं नसतं. मेलला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, ही केवढी सोय! ‘आपलं नाव गुप्त राहील,’ असं पुण्याहून उत्तरही आलं होतं. तरी तेव्हापासून त्याला यशवर्धनसमोर घास उतरत नव्हता.

आता तो यशवर्धनच्या खुर्चीत बसला. स्क्रीनवर पुण्याहून आलेली, दुपारच्या गैरहजेरीबद्दलची नोटीस होती. समाधानकारक खुलासा आला नाही, तर नोकरीवरून कमी करण्यात येईल.

“काय लिहू?” त्यानं मान वर न करता विचारलं.

“लिही, की आईचं डायलिसिस चालू आहे. महूहून तिला इथं आणावं लागतं. घरात दुसरं कोणी नाही. छुट्टी मागायची हिंमत नाही झाली, तेवढी माझी गलती.”

हृषीकेशची बोटं थबकली. हा दुपारी जातो, हे त्यानं थेट पुण्याला कळवलं होतं. कुठं जातो, हे शेजारी बसून कधी विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. मग त्यानं जीव ओतून लिहिलं. आईचा आजार लिहिला, यशवर्धननं रविवारी येऊन काढलेली कामं लिहिली, आजवर एकही ऑर्डर रद्द होऊ दिली नाही तेही लिहिलं.

पाठवण्याआधी नोटिशीची तारीख बघावी म्हणून त्यानं स्क्रीन खाली सरकवली. नोटिशीच्या खाली आणखी एक मेल होता. त्याचाच. पूर्ण नावासकट. हेड ऑफिसातल्या कुणीतरी घाईघाईत त्याच्याच तक्रारीच्या मेलवर नोटीस लिहून ती यशवर्धनला पाठवली होती, आणि खालचा मजकूर पुसायचा विसरला होता.

हृषीकेशला मान वर करवेना.

“यशवर्धन, हे खाली...”

“सकाळीच वाचलं.” यशवर्धननं शेजारची खुर्ची ओढली आणि थकल्यासारखा तिच्यात बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “तुझं लिहिलेलं पुण्याला पटतं, भिया. म्हणून तर तुझ्याकडेच आलो.”