डाव्या बाजूचे ठिपके

"गाडी गंजकी दिली हो आम्हाला," वॉशिंग सेंटरच्या फाटकातच ग्रिलवाला म्हणाला. त्याचा एक पाय अजून गाडीत होता. "तीन महिने झाले नाहीत आणि गंज. तुम्ही फक्त तसं कागदावर लिहून द्या. शोरूमवाल्यांचं मी बघतो."

"बाबा, राहू द्या ना," लेक स्टिअरिंग धरूनच बसली होती. "ठिपकेच तर आहेत."

"ठिपकेच? मग पांढरी कशाला घेतलीस, ठिपक्यांची घ्यायची होतीस."

सेंटरची बाई गमबूट वाजवत आली आणि गाडीभोवती एक फेरी मारून परत डावीकडे आली. त्या बाजूच्या दोन्ही दारांवर आणि बॉनेटच्या डाव्या अर्ध्या भागावर खसखशीएवढे नारिंगी ठिपके होते.

"हात फिरवून बघा, काका."

ग्रिलवाल्याने फिरवला. पण चाळीस वर्षं लोखंड हाताळलेला तो तळहात, त्याला काच आणि काँक्रीट सारखंच लागायचं. "गुळगुळीत आहे," तो म्हणाला. "म्हणजे गंज आतून आलाय."

बाईने खिशातून एक पातळ प्लास्टिकची पिशवी काढली आणि लहान मुलाला मोजा घालावा तशी त्याच्या हातावर चढवली. "आता फिरवा."

पिशवीआडून दार पॉलिशपेपरसारखं खरखरत होतं. त्याने परत फिरवून पाहिलं. मग तिसऱ्यांदा. त्याचा चेहरा खुलला. आठवडाभर तो हेच तर सांगत होता.

"बघ," तो लेकीला म्हणाला. "मी उगाच बोलत नाही."

लेकीने आरशात पाहून केस नीट केले. ते नीटच होते.

बाईने दारावर फवारा मारला. घाण वास सुटला, आणि मिनिटाभरात एकेक ठिपका जांभळा होऊन खाली ओघळू लागला.

"जांभळं झालं म्हणजे लोखंड," बाई म्हणाली. "तुमच्या गाडीचं नाही, बाहेरचं. तापलेला कण उडून येतो, रंगात रुततो आणि तिथे बसून गंजतो. गाडी उभी करता तिथे कुठे ग्राइंडर चालतो का?"

ग्रिलवाला दारापासून एक पाऊल मागे सरला.

रोज संध्याकाळी साडेसहाला ही गाडी त्याच्या ग्रिलच्या दुकानापुढे, ग्राइंडरपासून चार पावलांवर येऊन थांबायची. हातातली जाळी संपेपर्यंत, कधी अर्धा तास, कधी पाऊण. पूर्वी तो दोन बस बदलून घरी जायचा. आता गल्लीत त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, लेक न्यायला येते. काहींना दोनदा.

"माझ्या ऑफिसमागे रेल्वे आहे," लेक खिडकीतून म्हणाली. "रुळांवरचं उडत असेल."

बाईने ग्रिलवाल्याच्या शर्टाकडे पाहिलं. शर्ट ठेवणीतला होता, तरी पोटावर ठिणग्यांची बारीक भोकं होतीच.

"असेल," बाई म्हणाली. "पण उजव्या बाजूला एकही कण नाही, ताई."

"रेल्वे डावीकडे आहे."

"रोज?"

"रोज. ती कुठे हलते?"

बाईने हसू ओठात दाबलं आणि पाण्याचा पाइप उचलला. दार धुऊन झाल्यावर तिने डब्यातून मऊ मातीची वडी काढली, साबणाचं पाणी मारलं आणि वडी रंगावरून हलकेच सरकवायला लागली. आधी कर्रकर्र आवाज आला, मग तो कमी होत गेला, मग नुसतीच वडी सरकू लागली.

"द्या इकडे," ग्रिलवाला म्हणाला.

"तुम्ही कशाला, काका? आम्ही आहोत ना."

"द्या हो. माझंच काम आहे ते."

तो मागच्या दाराला भिडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच जोर न लावता काम करत होता, त्यामुळे दमला. मध्येच वडी हातातून निसटून खाली पडली. त्याने उचलून पँटला पुसली, तर बाईने ती काढून घेऊन सरळ कचऱ्यात टाकली. "खाली पडलेली चालत नाही. एखादा खडा चिकटला असला की ओरखडा उठतो." दुसरी वडी त्याने अंडं धरावं तशी दोन्ही हातांत घेतली. काम संपलं तेव्हा तीही बारीक काळ्या कणांनी भरून गेली होती. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

बाईने परत त्याच्या हातावर पिशवी चढवली. दार साईसारखं लागलं.

"काका, कागदावर लिहून देऊ ना? काय लिहू?"

"नको," ग्रिलवाला म्हणाला. "गाडी चांगली आहे."

"जागा तेवढी बदला, ताई. नाहीतर सहा महिन्यांनी परत याल."

"येऊ की," लेक म्हणाली.

गाडी रस्त्याला लागली. दोन सिग्नल गेले.

"तुला ठाऊक होतं."

"सीटबेल्ट लावा, बाबा."

त्याने लावला. "उद्यापासून गाडी कोपऱ्यावर थांबव, बेकरीपाशी. मी येईन चालत. गुडघे अजून आहेत माझे."

"तिथून दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"ठिणग्या."

ग्रिलवाल्याने आपल्या हाताकडे पाहिलं. पिशवी अजून हातावरच होती. ती त्याने काढली, चार घड्या घालून खिशात ठेवली आणि बाहेर बघायला लागला.

"मग काच तरी वर ठेवत जा," तो थोड्या वेळाने म्हणाला. "डोळ्यात जातं."