नशीबवान प्लेट

"ही बदलायची नाही, मॅडम." सुभेदार इंगवल्यांनी जॅकेटमधली बुलेटप्रूफ प्लेट टेबलावर ठेवली. "हिनं गोळी झेलून मला वाचवलं. नशीबवान आहे. गस्तीत सर्वांत पुढे चालणाऱ्या जवानाला आम्ही हीच घालतो."

प्लेट बनवणारी ऊर्मिला पुढे झाली. तिनं बोटांनी ती वाजवली. कडेला खणखणीत आवाज आला, गोळीनं पडलेल्या खळग्याजवळ भद्द. वरून एवढासा खळगा, पण आत तिनंच एकावर एक चिकटवलेले तंतूंचे थर सुटे झाले होते. फाटता फाटता गोळीचा जोर जिरवायचा, हेच त्यांचं काम. पण ते एकदाच.

सांगून सुभेदार ऐकणार नव्हते. तिनं त्यांना सरळ चाचणीच्या खोलीत नेलं, प्लेट मातीच्या ठोकळ्यापुढे बांधली आणि खळग्याशेजारी गोळी झाडली.

गोळी आरपार गेली. मातीतल्या भोकात सुभेदारांचं अख्खं बोट शिरलं. त्यांनी ते हळूच बाहेर काढलं.

"पोरांना लाडानं घालत होतो, मॅडम."

तिनं नवी प्लेट त्यांच्या हातात दिली. "नशीबवान तुमची पोरं, सुभेदारसाहेब. त्या प्लेटवर दुसरी गोळी कधी आलीच नाही."