जांभळ्या कडेचा शिंपला

ओहोटीला वाळूतून तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढताना तनुजाच्या हाती जांभळ्या कडेचा शिंपला लागला. प्रयोगशाळेत घडवलेल्या या तिसऱ्या ज्या टँकर-जहाजाचं सांडलेलं तेल पितात, त्याला नेमून दिलेला रंग धरतात. जांभळा तिच्या नवऱ्याच्या, रोहिदासच्या टँकरचा.

तिने तिथूनच फोन लावला. "अहो, तुमच्या जहाजाचा रंग माझ्या टोपलीत कसा?"

"छे! घाण पाणी समुद्रात सोडताना पंपावर मीच होतो. पाण्यातलं तेल मोजणारा मीटर शून्यावर होता. तेल वाढलं की झडप आपोआप बंद होते."

"मग ही काय सरबत प्यायली?"

"थांब, बघून येतो."

कडेवरची स्वरा शिंपल्याकडे झेपावत होती. बापाने तिला अजून एकदाही उचललं नव्हतं. परवा तो उतरणार होता. पण शिंपला किनाऱ्यावरच्या तपासपेटीत पडला की जहाज अडकणार, माणसांसकट.

रोहिदास दबक्या आवाजात म्हणाला, "मीटरच्या नळीला कुणीतरी गोडं पाणी जोडलंय गं. तो बिचारा तेच मोजतोय."

"पेटीत टाकला तर तुम्ही येणार कधी?"



"टाक," तो म्हणाला. "आणि आज पोरीला तिसऱ्यांचा रस्सा भरवू नकोस."